बावीस अक्षरांची चिठ्ठी

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वींची गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर मी विज्ञानाच्या खोलीला कुलूप लावीत असतां एक गृहस्थ दाराशीं येऊन उभे राहिले. त्यांचा मुलगा आमच्या नववीच्या वर्गांत आहे. सदऱ्याच्या खिशांतून त्यांनीं प्रथम तंबाखूची डबी काढून डाव्या हातांत धरली, मग तिच्याखालचें वर्तमानपत्राचें एक कात्रण काढलें आणि तें नीट उलगडून माझ्या हातीं दिलें. ते म्हणाले, "मास्तर, हें जरा वाचून पाहा. माझे वडील तोंडाच्या कर्करोगानें गेले, थोरले बंधूही त्यानेंच गेले. आतां म्हणे थेंबभर रक्तावरून रोग आहे कीं नाहीं हें आधींच सांगतात. पैशांची तजवीज मी कशीही करीन. पण ही तपासणी करून घेऊं का?"

तें कात्रण म्हणजे एका रक्ततपासणीची जाहिरात होती. तींत मोठ्या टाइपांत एक शब्द छापला होता : 'मायक्रो-आर्.एन्.ए.'. मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहें, हें मीं त्यांना सांगितलें. आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत व त्यानंतर जें कांहीं वाचनांत आलें, तें आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण असलीं कात्रणें आणखीही कांहीं घरांत जपून ठेवलेलीं असतील असा माझा समज आहे.

प्रथम हा शब्द कशाचा वाचक आहे तें पाहूं. आपलें शरीर कोट्यवधि पेशींचें बनलेलें आहे, आणि प्रत्येक पेशीच्या केंद्रांत डी.एन्.ए. नांवाच्या द्रव्यावर शरीराच्या घडणीचे सर्व नियम जणूं लिहून ठेवलेले असतात, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. परंतु डोळ्याची पेशी व यकृताची पेशी या दोहोंत एकच ग्रंथ असतां एकीनें पाहावें व दुसरीनें पित्त तयार करावें, हें कसें घडतें? यासाठीं आमच्या शाळेच्या कचेरीचा दृष्टान्त घेतों. मुख्याध्यापकांच्या कपाटांत एक जाड नियमपुस्तक आहे. तें कपाटाबाहेर कधींच जात नाहीं. ज्या वर्गाला जो नियम लागू असेल त्याची नक्कल कारकून उतरून देतो, शिपाई ती वर्गावर नेतो, वर्गशिक्षक ती वाचतात, आणि मग त्याप्रमाणें काम होतें. पेशींतही असेंच आहे. डी.एन्.ए. हें तें कपाटांतील पुस्तक. त्यावरून उतरलेली नक्कल म्हणजे निरोप्या आर्.एन्.ए.; आणि ती वाचून जें काम होतें तें म्हणजे प्रथिनांची घडण.

आतां अशी कल्पना करा कीं, कारकुनानें कागदाचा एक बारीक कपटा घेऊन त्या नकलेच्या शेवटच्या समासावर डकविला, आणि त्याचा अर्थ इतकाच कीं, 'ही सूचना वाचूं नये.' नक्कल वर्गापर्यंत गेली तरी ती वाचली जाणार नाहीं, आणि थोड्या वेळानें ती फाडून टोपलींत टाकली जाईल. कपट्यावर स्वतःची कोणतीही आज्ञा नाहीं. दुसऱ्याची आज्ञा थांबविणें एवढेंच त्याचें काम. हा कपटा म्हणजेच मायक्रो-आर्.एन्.ए. आपण त्याला सूक्ष्म-आर्.एन्.ए. म्हणूं. निरोप्या आर्.एन्.ए. शेंकडों, हजारों अक्षरांचें असतें, हें सूक्ष्म-आर्.एन्.ए. सुमारें बावीस अक्षरांचें. मनुष्याच्या पेशींत अशा एक हजाराहून अधिक निरनिराळ्या चिठ्ठ्या तयार होतात.

एक गोष्ट येथेंच लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें फार काम पडणार आहे. चिठ्ठी नकलेला डकण्यासाठीं तिचीं सगळीं बावीस अक्षरें जुळावीं लागत नाहींत. आरंभीचीं सहा-सात अक्षरें जुळलीं तरी बहुधा पुरतें. सहा-सात अक्षरांचा जुळणारा तुकडा शेंकडों नकलांच्या समासांत सांपडतो. म्हणून एकच चिठ्ठी एकाच वेळीं कितीतरी सूचना दाबून ठेवूं शकते.

हें सर्व प्रथम उमगलें तें मनुष्याच्या शरीरांत नव्हे, एका किड्यांत. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स असें त्याचें लांबलचक नांव असलें तरी त्याची लांबी जेमतेम एक मिलिमीटर आहे. तो इतका पारदर्शक असतो कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं त्याची एकूण एक पेशी मोजतां येते. अमेरिकेंत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेंत व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रव्हकुन हे दोघे तरुण संशोधक या किड्याचे दोन बिघडलेले वाण घेऊन बसले होते. एका वाणांत 'लिन-४' हें जनुक बिघडलेलें होतें. तो किडा मोठा होत होता, परंतु बाल्यावस्थेंतील तेच ते पेशीविभाग पुनःपुन्हां करीत राही. एकाच इयत्तेंत वारंवार बसणारा विद्यार्थी असावा, तसा. दुसऱ्या वाणांत 'लिन-१४' बिघडलेलें होतें. तो नेमका उलट, मधल्या इयत्ता गाळून पुढें जाई. पहिलें जनुक दुसऱ्याला दाबून ठेवतें एवढें ॲम्ब्रोस यांना दिसून आलें होतें. पण कसें?

पुढें ॲम्ब्रोस हार्वर्ड विद्यापीठांत गेले व रव्हकुन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत. ॲम्ब्रोस यांनीं रोझालिंड ली व ऱ्होंडा फाइनबाउम यांच्या साह्यानें 'लिन-४' शोधून काढलें, आणि तें हातीं येतांच सर्वजण चकित झाले. जनुक म्हटलें कीं त्यावरून प्रथिन घडतें असा तेव्हांचा समज. येथें तर प्रथिन मुळींच नव्हतें, होतें केवळ बावीस अक्षरांचें एक इवलेंसें आर्.एन्.ए. दुसरीकडे रव्हकुन यांना असें आढळलें कीं 'लिन-१४'ची नक्कल तयार होते खरी, पण तिचें वाचन अडतें, आणि ही अडवणूक नकलेच्या शेवटच्या भागांत होते. १९९२ सालीं दोघांनीं आपापलीं अक्षरें एकमेकांस कळविलीं. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या समासाशीं जुळत होती! दोघांचे निबंध १९९३ च्या डिसेंबरांत 'सेल' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

विद्वानांच्या जगानें त्यांकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. किड्याची ही कांहीं खासगी रीत असेल असें बहुतेकांनीं मानलें. सात वर्षांनीं, इ.स. २००० मध्यें, रव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेंत 'लेट-७' ही दुसरी चिठ्ठी सांपडली, आणि ती माशींत, माशांत व मनुष्यांतही अक्षरशः तीच असल्याचें दिसून आलें. तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. २०२४ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक ॲम्ब्रोस व रव्हकुन या दोघांस मिळालें, म्हणजे मूळ निबंधानंतर एकतीस वर्षांनीं. परीक्षेचा निकाल महिनाभर लांबला तर अस्वस्थ होणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनीं हा आंकडा पाहून ठेवावा.

आतां कर्करोगाकडे वळूं. कर्करोग म्हणजे पेशींनीं थांबण्याचें विसरणें. जखम भरून येतांना पेशी वाढतात आणि भरून आली कीं थांबतात. कर्करोगांत हें थांबणें होत नाहीं; शिवाय ज्या पेशीनें मरावयाचें तीही मरत नाहीं. थांबविणें हेंच ज्यांचें काम, त्या चिठ्ठ्यांचा या रोगाशीं संबंध असणार असें वाटणें साहजिक आहे. परंतु त्याचा पहिला पुरावा जरा अनपेक्षित वाटेनें आला.

रक्ताच्या कर्करोगाचा एक सावकाश वाढणारा प्रकार आहे. तो बहुधा उतारवयांत होतो. या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून गेलेला असतो, हें डॉक्टरांना पुष्कळ वर्षें माहीत होतें. त्या तुकड्यांत कर्करोगाला आवर घालणारें एखादें जनुक असणार म्हणून शोध चालला होता. एकामागून एक जनुक तपासलें, सर्व निर्दोष ठरलीं. शेवटीं कार्लो क्रोचे व जॉर्ज कॅलिन यांच्या मंडळींनीं तो प्रदेश अवघ्या तीस हजार अक्षरांपर्यंत आवळीत आणला आणि २००२ सालीं प्रसिद्ध केलें कीं, तेथें प्रथिन घडविणारें जनुक नसून दोन चिठ्ठ्या आहेत, 'मिर-१५' व 'मिर-१६'. सुमारें ६८ टक्के रोग्यांत त्या नाहींशा झालेल्या अथवा उणावलेल्या होत्या. चोर सांपडत नव्हता, कारण सगळे मोठ्या माणसांच्या पावलांचे ठसे शोधीत होते.

या चिठ्ठ्या काय दाबून ठेवीत होत्या, तें २००५ मध्यें कळलें. 'बीसीएल्-२' नांवाचें एक प्रथिन पेशीला मरूं देत नाहीं. त्याची नक्कल या दोन चिठ्ठ्या वाचूं देत नसत. चिठ्ठ्या गेल्या, प्रथिन वाढलें, पेशी मरेनाशा झाल्या व रक्तांत त्यांची गर्दी झाली. याच प्रथिनाला अडविणारें व्हेनेटोक्लॅक्स हें औषध २०१६ पासून या रोगावर अमेरिकेंत दिलें जाऊं लागलें. तें औषध चिठ्ठ्यांच्या शोधांतून निघालेलें नाहीं, त्याची वाट निराळी होती, हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. पण दोन्ही वाटा एकाच दाराशीं येऊन पोंचल्या.

त्याच सुमारास इतरही उदाहरणें पुढें आलीं. फुप्फुसाच्या कर्करोगांत 'लेट-७' उणावलेलें आढळलें. उलट, कांहीं चिठ्ठ्या आवर घालणाऱ्या सूचनाच दाबून टाकतात. त्यांची संख्या वाढली तर रोग बळावतो. तेव्हां अमुक चिठ्ठी चांगली व तमुक वाईट असें सरसकट म्हणतां येत नाहीं. ती कोणत्या नकलेवर डकली आहे, यावर सारें अवलंबून आहे.

निदानाच्या कामीं या चिठ्ठ्यांचा उपयोग कसा होतो, हें दाखविणारा एक प्रयोग २००५ सालीं अमेरिकेंत झाला. कर्करोगाच्या कांहीं गांठी इतक्या विस्कळित असतात कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनही त्या मूळच्या कोणत्या अवयवांतल्या तें ओळखतां येत नाहीं. आणि मूळ न कळल्यास औषध कोणतें द्यावें हेंही कळत नाहीं. अशा सतरा गांठी घेऊन त्यांतील निरोप्या आर्.एन्.ए.च्या हजारों नकला तपासल्या, तेव्हां सतरांपैकीं एकीचेंच मूळ बरोबर ओळखतां आलें. सुमारें दोनशें सूक्ष्म-आर्.एन्.ए. तपासलीं, तेव्हां बारांचें मूळ बरोबर निघालें. प्रत्येक अवयवाच्या चिठ्ठ्यांची ठेवण ठराविक असते व ती रोगांतही पुष्कळ अंशीं टिकून राहते, म्हणून हें साधलें. माणूस कितीही बदलला तरी बोलण्यांतला गांवचा हेल जात नाहीं, तसेंच हें.

याच धर्तीचें काम आपल्याजवळ, नवी मुंबईंतील खारघर येथें, टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेंत झालें आहे. पालकांनीं तें अवश्य जाणून घ्यावें, कारण तो रोग मुलांचा आहे. मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूंत होणारी गांठ होय. शस्त्रक्रियेनें ती काढतात आणि मग सबंध मेंदूला व पाठीच्या कण्याला किरणोपचार देतात. मुलें त्यानें जगतात. परंतु वाढत्या मेंदूवर किरण पडल्यामुळें कित्येकांची बुद्धि मंदावते, उंची खुंटते, कान जातात. आतां, या गांठीचे चार गट आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ते नीट निराळे करतां येत नाहींत. एका गटांतील बहुतेक मुलें बरीं होतात. दुसऱ्या एका गटांत रोग उलटण्याचें भय फार. कोणतें मूल कोणत्या गटांत आहे हें कळलें, तर कोणाला उपचार कमी पुरेल व कोणाला अधिक लागेल याचा विचार तरी करतां येतो.

रुग्णालयांत गांठीचे तुकडे फॉर्मालिनमध्यें बुडवून मेणाच्या वड्यांत जतन करतात. त्यांत निरोप्या आर्.एन्.ए. तुटून फुटून जातें. सूक्ष्म-आर्.एन्.ए. मात्र बरेंचसें टिकतें. बावीस अक्षरांच्या कपट्याचे आणखी तुकडे ते काय होणार? जुन्या दप्तरांत पानांचा भुगा झाला तरी टांचणीला लावलेली चिठ्ठी शाबूत असावी, तसा हा प्रकार आहे. खारघरच्या संशोधकांनीं २०१० सालीं असें दाखविलें कीं, ज्या गटांतील मुलें बहुधा बरीं होतात त्या गटाच्या गांठींत कांहीं विशिष्ट चिठ्ठ्यांची संख्या फार वाढलेली असते. २०१३ मध्यें त्यांनीं बारा जनुकें व नऊ सूक्ष्म-आर्.एन्.ए. मोजून, मेणाच्या वडींतील तुकड्यावरूनही चारही गट ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली.

मग त्या भाग्यवान गटांतील मुलांचे किरण कमी करावे कीं काय? टाटा रुग्णालयांत हाही प्रयोग मोठ्या सावधगिरीनें करून पाहण्यांत आला. सबंध मेंदू व कणा वगळून केवळ गांठीच्या जागेपुरते किरण दिले. कांहीं मुलांत रोग दुसऱ्या जागीं उलटला, आणि प्रयोग वेळेपूर्वींच थांबविण्यांत आला. २०२२ मध्यें त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. गट बरोबर ओळखला होता. उपचार किती कमी करतां येईल याचा अंदाज चुकला. रोगाचें नांव अचूक कळणें व त्यावर काय करावें हें कळणें, यांत किती अंतर आहे तें मला हा वृत्तान्त वाचीपर्यंत इतकें स्पष्ट दिसलें नव्हतें.

आतां त्या कात्रणाकडे येऊं. गांठीचा तुकडा काढणें एक, आणि निरोग्याच्या रक्ताच्या थेंबांत रोगाची चाहूल घेणें दुसरें. २००८ सालीं सिअ‍ॅटल येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, पेशींतील कांहीं चिठ्ठ्या रक्तांत उतरतात आणि तेथें आश्चर्यकारक टिकून राहतात. रक्तरस दिवसभर तसाच ठेवला, आठ वेळां गोठवून आठ वेळां वितळविला, तरी त्या नाहींशा झाल्या नाहींत. प्रथिनांच्या अथवा चरबीच्या वेष्टणांत त्या सुरक्षित राहतात. अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग असलेल्या पुरुषांच्या रक्तांत 'मिर-१४१' ही चिठ्ठी वाढलेली त्यांना आढळली. झालें! जगभर प्रयोगशाळांतून रक्तांतील चिठ्ठ्या शोधण्याची लाट उसळली, आणि अमुक कर्करोगाची अमुक चिठ्ठी अशीं शेंकडों नांवें छापून आलीं. गंमत अशी कीं, एका प्रयोगशाळेची यादी दुसरीच्या यादीशीं जुळेना.

असें कां व्हावें, याचें एक कारण २०१२ मध्यें पुढें आलें. कर्करोगाच्या खुणा म्हणून छापून आलेल्या ७९ चिठ्ठ्या कांहीं संशोधकांनीं पारखून पाहिल्या. त्यांपैकीं ४६ चिठ्ठ्या रक्ताच्या स्वतःच्या पेशींतच विपुल असतात असें आढळलें. सुई टोंचतांना अगर नळी हलवितांना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या, तरी त्यांतील चिठ्ठ्या रक्तरसांत मिसळतात, आणि यंत्र त्यांनाच रोगाची खूण समजतें. म्हणजे जें मोजलें तें कर्करोग नसून नळीची हेळसांडही असूं शकेल. शिवाय कांहीं चिठ्ठ्या साध्या सुजेनेंही वाढतात. यंत्राला सूज व कर्करोग यांतला भेद त्यावरून कळत नाहीं.

दुसरी अडचण निव्वळ अंकगणिताची आहे, व ती आठवीच्या मुलांनीं सोडवून पाहण्यासारखी आहे. समजा, दहा हजार निरोगी दिसणारे लोक आहेत आणि त्यांपैकीं दहांना कर्करोग लपलेला आहे. समजा, तपासणी इतकी चांगली आहे कीं दहांपैकीं नऊ रोगी ती पकडते, आणि निरोग्यांपैकीं शेंकडा ९५ जणांना बरोबर निरोगी ठरविते. आतां राहिलेल्या ९,९९० लोकांचे पांच टक्के काढा. सुमारें पांचशें होतात! या पांचशें निरोगी माणसांना 'तुम्हांस कर्करोग असावा' असें सांगितलें जाईल. भय दाखविलेल्या सुमारें ५०९ जणांत खरे रोगी नऊच. उरलेल्यांनीं काढलेल्या रात्री, विकलेले दागिने, दुर्बिणी व सुया यांचा हिशेब कोणत्याच जाहिरातींत नसतो.

परंतु जेथें प्रश्न नेमका आहे तेथें हीच रक्ततपासणी चांगलें काम देते, हेंही न्यायानें सांगावयास हवें. तरुण पुरुषांच्या वृषणांत होणाऱ्या कर्करोगांत 'मिर-३७१' ही चिठ्ठी रक्तांत वाढते. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तांत ती जवळजवळ नसतेच. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत ६१६ रोगी होते. त्यांपैकीं सुमारें ९० टक्के रोगी तिनें ओळखले, व निरोग्यांना निरोगी म्हणण्यांतही ती सुमारें ९४ टक्के बरोबर ठरली. गांठ काढली कीं तिचें प्रमाण झपाट्यानें उतरतें, आणि रोग उलटला कीं पुन्हां चढतें. या रोगाचा एक उपप्रकार मात्र तिला दिसत नाहीं. येथें तपासणी कोणाची? ज्याला रोग आहे वा ज्याच्याविषयीं सबळ संशय आहे त्याची. रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाची नव्हे.

निदानानंतर उपचार. हरवलेली चिठ्ठी पुन्हां पेशींत घालावी, अथवा फाजील झालेली चिठ्ठी पकडून ठेवावी, ही कल्पना इतकी सरळ आहे कीं ती सुचली नसती तरच नवल. 'मिर-३४' ही चिठ्ठी अनेक कर्करोगांत उणावलेली असते, आणि ती वाढीच्या पुष्कळ सूचना एकदम दाबते. अमेरिकेंतील टेक्सास प्रांताच्या एका कंपनीनें तिची कृत्रिम प्रतिकृति चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून औषध तयार केलें. २०१३ मध्यें तें प्रथम रोग्यांना देण्यांत आलें. एकंदर ८५ रोग्यांनीं तें घेतलें. तिघांच्या गांठी स्पष्टपणें आकसल्या. पण शरीराची संरक्षक शक्ति खवळून चार रोग्यांचा मृत्यु झाला, आणि २०१६ मध्यें प्रयोग थांबवावा लागला.

मागें लक्षांत ठेवावयास सांगितलेली गोष्ट आतां आठवा. चिठ्ठीचीं सहा-सात अक्षरें जुळलीं कीं ती डकते. बाहेरून घातलेली चिठ्ठी कर्करोगाच्या पेशींतच जाते असें नाहीं. ती रक्ताच्या, प्लीहेच्या, यकृताच्या निरोगी पेशींतही शिरते व तेथील शेंकडों सूचनांवर डकते. शिवाय परकें आर्.एन्.ए. दिसलें कीं शरीराला विषाणु आल्याचा भास होतो. एकच चिठ्ठी अनेक कामें करते, हा तिचा गुण पाहून औषध करावयास गेले, आणि तोच गुण आड आला. या मृत्यूंना नक्की कोणतें कारण जबाबदार, याचा निकाल पूर्णपणें लागलेला नाहीं.

ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें निराळी युक्ति योजिली. ॲस्बेस्टॉसची धूळ छातींत गेल्यामुळें फुप्फुसाच्या आवरणाला जो कर्करोग होतो, त्यांत 'मिर-१६' उणावलेली असते. तेथें जंतूंपासून काढलेल्या, वाढूं न शकणाऱ्या पोकळ कोशिकांत ही चिठ्ठी भरली आणि वर पत्ता म्हणून कर्करोगाच्या पेशीला ओळखणारें प्रतिद्रव्य लावलें. २०१७ च्या वृत्तान्ताप्रमाणें ज्या बावीस रोग्यांचा परिणाम मोजतां आला, त्यांपैकीं एकाची गांठ आकसली, पंधरांचा रोग जागच्या जागीं राहिला, सहांचा वाढला. पत्ता लिहून पाठविलेली चिठ्ठी बरी, एवढें त्यावरून म्हणतां येईल. रोग बरा झाला असें म्हणतां येत नाहीं. सूक्ष्म-आर्.एन्.ए.चें कर्करोगावरील एकही औषध हा लेख लिहितांना सरकारमान्य होऊन बाजारांत आलेलें नाहीं. त्याच कुळांतील, पण एकाच नकलेवर नेमकें डकणारें आर्.एन्.ए. वापरून केलेलें औषध एका आनुवंशिक मज्जारोगावर २०१८ सालीं मान्य झालें. परंतु त्याचें लक्ष्य यकृत होतें, आणि यकृतापर्यंत औषध पोंचविणें तुलनेनें सोपें आहे.

एवढें वाचून झाल्यावर मी त्या गृहस्थांकडे गेलों. कात्रण परत केलें आणि सांगितलें कीं, निरोगी माणसाच्या सर्व कर्करोगांची आधींच खात्री करून देणारी सूक्ष्म-आर्.एन्.ए.ची तपासणी अद्याप सिद्ध झालेली नाहीं. तीवर कर्ज काढूं नका. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे कांहींच उपाय नाहीं म्हणा," ते म्हणाले.

"तुमच्या घरचा रोग तोंडाचा आहे ना? मग तोंड उघडून दाखविण्यास पैसे पडत नाहींत," मीं म्हटलें. केरळांत त्रिवेंद्रमजवळ कित्येक वर्षें चाललेला एक प्रयोग मीं त्यांना सांगितला. तेथें शिकविलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन दिव्याच्या उजेडांत लोकांचीं तोंडें तपासीत, आणि पांढरा अगर लाल चट्टा, न भरणारा व्रण दिसला कीं डॉक्टरांकडे धाडीत. २००५ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तंबाखू वा दारू सेवन करणाऱ्या लोकांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यु ३४ टक्क्यांनीं घटले. डबीकडे मीं मुद्दाम पाहिलें नाहीं. त्यांनींच ती खिशांत सारली.

पुढल्या आठवड्यांत ते जिल्ह्याच्या रुग्णालयांत गेले. डाव्या गालाच्या आंत, जेथें ते तंबाखूची गोळी धरीत, तेथें एक पांढरा चट्टा निघाला. डॉक्टरांनीं त्याचा तुकडा काढून तपासावयास पाठविला. कर्करोग निघाला नाहीं. परंतु तंबाखू बंद करून दर तीन महिन्यांनीं तोंड दाखवावयास येण्याची ताकीद मिळाली आहे. जानेवारीची खेप त्यांनीं चुकविली नाहीं. मुलगा बरोबर गेला होता, त्यानेंच मला सांगितलें. आणि मेणाच्या वडींत तुकडा कसा जतन करतात तें तेथल्या प्रयोगशाळेंत विचारून आला आहे.